डाव्या कोपऱ्यातला उंट

३, सोमवार

ही डायरी बायकोच्या दवाखान्यातली. ती दातांच्या डॉक्टरांकडे स्वागतकक्षात बसते आणि औषध कंपन्या तिथे दरवर्षी डायऱ्या वाटतात. दर पानाच्या तळाशी दातांविषयी एक सुविचार छापलाय. आजचा असा : 'कीड दिसते तेव्हा ती जुनी झालेली असते.' सोमवारी सकाळी माणसाला असलं वाचायला लावू नये.

लिहायला बसलो त्याचं कारण स्पर्धा. तेवीस तारखेला आमच्या बुद्धिबळ मंडळाची वार्षिक जलद स्पर्धा आहे. वाचनालयाचा वरचा मजला, एका दिवसात सहा फेऱ्या, प्रत्येकाला पंधरा मिनिटं. अकरा वर्षं मी खेळतोय आणि त्यातली सात वर्षं दुसरा आलोय. त्या सातही वर्षी पहिला आला तो चावीवाला. बाजाराच्या तोंडाशी त्याची टपरी आहे. कुलपं उघडतो, चाव्या बनवतो आणि रविवारी मला हरवतो. जिन्यातल्या लाकडी फलकावर त्याचं नाव इतक्यांदा रंगवलंय की रंगाऱ्याला ते आता पाठ झालं असेल.

यंदा मात्र मी रोज तासभर अभ्यास करणार आणि काय चुकलं ते इथे लिहिणार. मंडळात मला 'ब्रेक' म्हणतात. एक तर मी गाडी शिकवतो, आणि दुसरं म्हणजे, त्यांच्या मते, जिंकायच्या वेळी मी कचरतो. यंदा बघू.

५, बुधवार

अभ्यास झाला नाही. गाडीचा डावा आरसा फुटला, त्यात संध्याकाळ गेली. आमच्या इमारतीच्या फाटकाचा खांब कुणीतरी पुढे सरकवलाय. चोवीस वर्षं त्याच फाटकातून गाडी काढतोय, कधी ओरखडा नाही. बायकोला म्हटलं, सोसायटीवाल्यांनी रंग दिला तेव्हा खांब हलवला. ती म्हणाली, "सिमेंटचा खांब?" मी म्हटलं, मग काय झालं. ती गप्प बसली. तिला वादात हरवणं सोपं आहे.

परवान्याच्या नूतनीकरणाचा कागदही आलाय. डोळ्यांचा दाखला जोडायचाय. स्पर्धा झाली की बघतो.

९, रविवार

टपरीवर चावीवाल्याशी दोन डाव. दोन्ही हरलो, पण ते सांगायला बसलेलो नाही. सांगायचंय ते त्याच्या पुटपुटण्याविषयी.

हल्ली तो प्रत्येक खेळी तोंडानं सांगतो. "घोडा मधे." "हत्ती डावीकडे, कोपऱ्यात." "प्यादं एक घर." पूर्वी हा माणूस तासभर हूं की चूं करत नसे. गिऱ्हाईक आलं तरी बोटानंच 'थांबा' म्हणायचा. आता आकाशवाणी झालाय. मी म्हटलं, "मला दिसतंय रे, सांगतोस कशाला?" तर म्हणाला, "सवय लागली." एकसष्ट म्हणजे काही फार वय नाही, पण काही लोक लवकर म्हातारे होतात. मला वाईट वाटलं. जुनी मैत्री आहे.

दिवाही त्यानं हलवलाय. पूर्वी डोक्यावर होता, आता माझ्या डाव्या हाताला टांगलाय. उजेड नको तिथे पडतो.

११, मंगळवार

नर्सबाईंचा सातवा धडा. वय पंचेचाळीस, सरकारी रुग्णालयात नोकरी, आयुष्यात पहिल्यांदा चाक हातात घेतलंय. चांगल्या शिकतायत, पण भित्र्या. मी "चला, मोकळं आहे" म्हटलं तरी स्वतः डावीकडे वळून बघतात आणि मगच निघतात. मी त्यांना समजावलं की बाई, शिकवणाऱ्यावर विश्वास ठेवायचा असतो, माझ्या पायाशीही ब्रेक आहे. त्या म्हणाल्या, "हो सर." आणि पुढच्या वळणावर परत बघितलं.

धडा संपल्यावर उतरता उतरता विचारलं, "सर, डोळे कधी तपासलेत?" दवाखान्यातल्या माणसांना जो तो रोगीच दिसतो. मी म्हटलं, वर्तमानपत्रातल्या छोट्या जाहिराती चष्म्याशिवाय वाचतो. तेही खरंच आहे.

हे चावीवाल्यानंही काढलं होतं गेल्या वर्षी. "चष्म्याचं एकदा बघून घे," म्हणाला, तेही मी त्याचा वजीर पकडलेला असताना. हरायला लागला की लोकांना दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ बरोबर दिसतं. तीन आठवडे मी टपरीवर फिरकलो नव्हतो. परत गेलो तेव्हा त्यानं तो विषय काढला नाही. चूक उमगली असणार.

१४, शुक्रवार

अभ्यास जोरात. आज संगणकाशी चार डाव, दोन जिंकले. पडद्यावर मला चावीवाल्याचा बापही हरवू शकणार नाही. पट छोटा असला की डोकं बरं चालतं.

बायकोला खांद्याचं काहीतरी झालंय. रस्त्यानं जाताना ती आता माझ्या डाव्या बाजूलाच चालते. उजवीकडे चालली की खांदा दुखतो म्हणे. बोळातलं स्टूलही तिनं उचलून ठेवलं आणि चहाचा कप उजव्या हाताला ठेवते. मी म्हटलं, खांदा तुझा दुखतोय आणि घर माझ्याभोवती फिरतंय. ती हसली. बत्तीस वर्षांनी बायको आपल्या विनोदाला हसली म्हणजे दिवस चांगला.

१६, रविवार

आज जरा कडक वागावं लागलं.

मंडळात सरावाचे डाव होते. पटावर बसल्यावर 'शह'सुद्धा म्हणायचं नाही, हा आमचा जुना दंडक. तरी चावीवाल्याचं सुरूच. "उंट, दोन घरं." "हत्ती तुझ्या डावीकडे." शेजारच्या पटावरची माणसं बघत होती. मला लाज वाटली, माझी नव्हे, त्याची. वर मी तो डाव जिंकलो, म्हणजे उद्या लोक म्हणणार की त्यानं सांगून सांगून जिंकवला.

म्हणून मी तक्रार वहीत लिहिलं : 'प्रतिस्पर्ध्यानं खेळी तोंडानं सांगू नये. माझी एकाग्रता भंगते. स्पर्धेत नियम पाळला जावा.' सही केली. मंडळाच्या पंच म्हणजे वाचनालयाच्या ग्रंथपालबाई. त्यांनी ते वाचलं, माझ्याकडे बघितलं, परत वाचलं. "खरंच नोंदवायचं का?" म्हणाल्या. मी म्हटलं, नियम म्हणजे नियम. त्यांनी चावीवाल्याला बोलावून सांगितलं की पहिल्यांदा समज आणि दुसऱ्यांदा वेळ कापला जाईल.

त्यानं वहीतला मजकूर वाचला. चेहऱ्यावर राग नव्हता. "बरं," म्हणाला, "नाही बोलणार." जिन्यात माझ्या पुढे उतरत होता. प्रत्येक पायरीवर थांबत होता. गुडघेही गेले वाटतं त्याचे.

घरी आल्यापासून मला बरं वाटत नाहीये. बरोबर वागूनही असं का वाटावं, कळत नाही.

२२, शनिवार

उद्या. बायको म्हणाली, हरलात तरी काय बिघडतं? तिला कसं सांगू? गाडी शिकवणाऱ्याच्या आयुष्यात जिंकणं नसतं. शिकणारा उत्तीर्ण होतो, हात हलवतो आणि निघून जातो. मला एकदा, फक्त एकदाच, त्या फलकावर नाव हवंय. पानाखालचा सुविचार : 'दोन्ही बाजूंनी घासा.'

२३, रविवार

जिंकलो.

परत लिहितो. जिंकलो. आता नीट, क्रमानं.

पहिल्या पाच फेऱ्यांत पाच गुण. मधे दोन-तीन प्यादी फुकट गेली, पण समोरचे कच्चे होते. चावीवाल्याचेही पाच. म्हणजे शेवटची फेरी आमची, आणि जो जिंकेल तो पहिला. पांढरी माझ्याकडे. खोलीतले सगळे आपापले डाव संपवून आमच्याभोवती उभे राहिले. ग्रंथपालबाई घड्याळाशी.

तो एक शब्द बोलला नाही. सोंगटी उचलायची, ठेवायची, घड्याळ दाबायचं. मी तक्रार केली होती तेच घडत होतं, आणि त्या शांततेनं मला घाम फुटत होता. माझं सगळं लक्ष उजवीकडे, त्याच्या राजावर. सतरा खेळ्या झाल्या तेव्हा मी घोडा पटाच्या मधोमध आणून बसवला. झकास जागा. तिथून दोन खेळ्यांत त्याचा राजा अडचणीत येत होता. त्याच्याकडे चार मिनिटं, माझ्याकडे पाच.

त्यानं बराच वेळ घोड्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग पटाच्या पार पलीकडून, डाव्या कोपऱ्याजवळून, एक उंट तिरपा आला आणि त्यानं माझा घोडा उचलला.

तिथे उंट नव्हता. मी शपथेवर सांगतो. तो उंट त्याच्या मूळ घरी होता, सुरुवातीपासून हलला नव्हता, आणि तिथून माझ्या घोड्यापर्यंत वाटच नाही. मी घड्याळ थांबवलं आणि हात वर केला. म्हटलं, "ही खेळी बेकायदा आहे. उंट एका दमात दोनदा चाललाय." जलद डावात खेळ्या लिहून ठेवायच्या नसतात, त्यामुळे पुरावा कुणाकडेच नव्हता. मागे उभा असलेला शिंप्याचा जावई काहीतरी बोलू लागला, तर ग्रंथपालबाईंनी त्याला हातानंच थांबवलं. प्रेक्षकांनी बोलायचं नाही. त्यांनी चावीवाल्याला विचारलं, "उंट कुठे होता?"

त्यानं हातातला माझा घोडा बोटांत फिरवला. मग म्हणाला, "ते म्हणतात तसं असेल. चूक माझी."

घोडा परत आला, उंट मूळ घरी गेला, त्याला दंड म्हणून माझ्या घड्याळात दोन मिनिटं वाढली. हात लावलेली सोंगटी हलवावीच लागते, म्हणून त्याला उंटच खेळायचा होता. त्यानं तो उचलला, डाव्या कोपऱ्याजवळ, प्याद्यांच्या मागे ठेवला, आणि मोठ्यांदा म्हणाला, "उंट इथे आहे. तुझ्या डावीकडे, लांब. घोड्यावर नेम आहे. बघून घे."

ग्रंथपालबाईंनी त्याला समज दिली. त्यानं मान हलवली. मला तर तळपायाची आग मस्तकात गेली. पकडला गेला आणि वर उपदेश. मी घोडा हलवला, हल्ला चढवला, आणि एकोणचाळिसाव्या खेळीला त्यानं राजा आडवा केला. हात मिळवला. त्याचा हात गार होता.

लोकांनी टाळ्या वाजवल्या, पण बेतानंच. घरी बायकोनं बक्षिसाचा कप कपाटावर ठेवला. उजवीकडे.

२४, सोमवार

एक प्रश्न पाठ सोडत नाही. सोळा वर्षांच्या ओळखीत या माणसानं कधी एक प्यादं चोरलं नाही. एकदा माझं घड्याळ दाबायचं राहिलं, तर त्यानं बोट दाखवून आठवण केली होती. असा माणूस शेवटच्या फेरीत, वीस माणसांदेखत, उंट का सरकवेल?

म्हातारपण. दुसरं काय.

२६, बुधवार

आजचं लिहायचंच.

नर्सबाईंचा अकरावा धडा. शाळेजवळच्या चौकात डावीकडे वळायचं होतं. मी बघितलं आणि म्हटलं, चला, मोकळं आहे. त्यांनी गाडी सोडली आणि लगेच करकचून ब्रेक मारला. मी पुढे आदळलो. रागावून काहीतरी बोलणार, तेवढ्यात गाडीच्या नाकापुढून एक सायकल गेली. वर दहा-अकरा वर्षांची मुलगी, पाठीवर दप्तर. तिनं आमच्याकडे बघितलंही नाही.

बाईंनी गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं. म्हणाल्या, "सर, सायकल तुम्हाला दिसली नव्हती."

मी म्हटलं, दिसली होती, मी ब्रेक दाबणारच होतो.

"कुठल्या बाजूनं आली?"

"उजवीकडून," मी म्हटलं. कारण मला दिसली ती तिथेच, मधोमध, एकदम. तो उंट आला तशी.

त्या म्हणाल्या, "डावीकडून आली सर. आपल्या बरोबरीनं, तुमच्या खिडकीला लागून. मागच्या चौकापासून होती." आवाज अगदी साधा होता, रोग्याला गोळीची वेळ सांगावी तसा.

ती मुलगी माझ्या खिडकीशी होती. हात बाहेर काढला असता तर तिच्या दप्तराला लागला असता. मला रडू आलं. बाईंसमोर रडलो. त्यांनी मला तिथूनच त्यांच्या रुग्णालयात नेलं. गाडी त्यांनी चालवली, आणि चांगली चालवली.

२८, शुक्रवार

तपासणी आज झाली. एका पांढऱ्या वाडग्यासारख्या यंत्रात तोंड घालून समोरच्या ठिपक्याकडे बघायचं. बाजूला कुठे उजेड लुकलुकला की हातातलं बटण दाबायचं. मी घड्याळ दाबावं तसं दाबत होतो. एकही सोडला नाही, असं वाटलं.

मग डॉक्टरांनी कागद दाखवला. चौकटी चौकटींचं चित्र. उजवीकडे पांढऱ्या, आणि डावीकडे काळ्या, वरपासून खालपर्यंत. मी विचारलं, या काळ्या चौकटींत उजेड लावलाच नव्हता का? ते म्हणाले, लावला होता, प्रत्येक ठिकाणी दोनदा.

काचबिंदू. दोन्ही डोळ्यांना, डाव्याला जास्त. समोरचं लख्ख दिसतं म्हणून माणसाला पत्ता लागत नाही, कडा जातात. गेलेलं परत येत नाही, उरलेलं औषधानं राखता येईल. गाडी बंद, आजपासून.

तिथून सरळ टपरीवर गेलो. तो चावी घासत होता. मी समोर उभा राहिलो तर यंत्र बंद केलं.

"उंट तिथंच होता ना?" मी विचारलं.

"कुठला उंट?"

"उगाच आव आणू नकोस."

त्यानं चावीवरचा कीस फुंकला. "होता. चार खेळ्या झाल्या होत्या त्याला तिथे बसून."

"मग चूक कबूल का केलीस?"

"तू हात वर केलास तेव्हा सगळे बघत होते. मी 'होता' म्हटलं असतं, तर तुला दिसत नाही हे वीस जणांसमोर ठरलं असतं. ते तसं ठरायला नको होतं." मग तो स्टुलावर बसला. म्हणाला, "वर्षभर माहीत होतं मला. एकदा बोललो तर तू तीन आठवडे आला नाहीस. परत आलास तेव्हा म्हटलं, आता विषय नको, आपणच खेळी सांगत जाऊ. पटावर ते चाललं. पण तू रोज गाडी काढत होतास, आणि मी गप्प बसलो. ते चुकलंच."

मी त्याला सायकलवाल्या मुलीचं सांगितलं. त्याचा चेहरा उतरला. एक गिऱ्हाईक आलं, त्याला त्यानं बोटानं 'थांबा' केलं.

३०, रविवार

कप घेऊन मंडळात गेलो. ग्रंथपालबाई म्हणाल्या, निकालावर सह्या झाल्या, आता तो बदलत नाही, नियम म्हणजे नियम. माझेच शब्द. फलकावर माझं नाव लागणार. हवं होतं ते मिळालं, आता रोज जिन्यात त्याच्याखालून जायचं.

मग तक्रार वही मागितली. माझ्या सोळा तारखेच्या मजकुराखाली लिहिलं : 'वरील तक्रार मी मागे घेतो. तेवीस तारखेच्या डावात उंट डाव्या कोपऱ्याजवळच होता. मला दिसला नाही. प्रतिस्पर्ध्यानं कोणतीही चूक केली नव्हती. माझ्याशी खेळताना खेळी मोठ्यांदा सांगावी, ही विनंती.' आणि सगळ्यांना वाचून दाखवलं. एवढा घाम मला डावातही आला नव्हता. शिंप्याचा जावई म्हणाला, "बरं झालं काका, माझ्या तर पोटात दुखत होतं आठवडाभर."

चावीवाल्याशी डाव मांडला. त्या गप्प खोलीत एकट्याचा आवाज. "प्यादं, दोन घरं." "घोडा, तुझ्या उजवीकडे." "उंट, डाव्या कोपऱ्याजवळ." कुणी मान वर करून बघितलं नाही. सव्विसाव्या खेळीला हरलो. त्याला जिंकताना बघून इतकं बरं मला कधी वाटलं नव्हतं. पुढच्या डावाला शिंप्याचा जावई समोर बसला, आणि कुणी न सांगता तोही बोलून खेळला.

गाडीवरची पाटी काल उतरवली. वाहतुकीच्या नियमांचे वर्ग घरी घेता येतील असं ही म्हणते. फळा आहेच, शिकवायची खोडही आहे. बघू.

ती मला न्यायला वाचनालयापर्यंत आली होती. परत येताना नेहमीप्रमाणे माझ्या डाव्या बाजूला. मी म्हटलं, "खांदा कसा आहे?"

"कुणाचा?" ती म्हणाली. मग लक्षात आलं तशी माझ्याकडे न बघता म्हणाली, "बरा आहे."

"कधीपासून चालतेयस अशी?"

"वर्ष होईल." तिनं माझा दंड धरला. "पायरी आहे, जपून."

पायरी होती.